तीन आणि एक

सोमवार

बी.पी. १५०–९५. रोज सकाळी आकडा लिहायचा आणि खाली दोन ओळी, काल काय खाल्लं, कोणावर चिडलो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्याचं उत्तर रोज बदलतं, दुसऱ्याचं एकच असतं. डायरी हिनेच आणली, पेनही हिनेच आणलं आणि मी खरंच लिहितो का, हे बघायला कामावर निघता निघता दारात उभी राहिली तीही हीच. अशाने बी.पी. उतरणार कसं!

तसं काल भांडण झालं नाही. भांडायला दोघं एकाच वेळी जागे तर हवेत. मी रात्रपाळीला आणि ही दिवसपाळीला. लॉन्ड्रीत मी खाली इस्त्रीच्या रोलरवर आणि ही तिसऱ्या मजल्यावर घड्या घालायला. गावभरच्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. मशिनांचा आवाज इतका की शेजारचा कानाशी ओरडला तरी कळत नाही, म्हणून आम्ही पाइपावर ठोकतो. वाफेचा मोठा पाइप मागच्या गल्लीतल्या बॉयलरच्या शेडमधून निघतो आणि अख्ख्या इमारतीच्या आतून पुढच्या रस्त्याच्या भिंतीपर्यंत येतो. एक ठोका म्हणजे वाफ बंद करा, दोन म्हणजे सोडा, तीन म्हणजे सगळं ठीक. आणि ज्याला ऐकू जाईल त्याने तेवढेच ठोके परत करायचे. हे वळण बॉयलरबाबांनी लावलेलं. लॉन्ड्रीतला सगळ्यात जुना माणूस. ठोका परत न करणं म्हणजे दारात आलेल्याला ‘या’ न म्हणणं, असं ते नव्या पोरांना दम देऊन सांगतात. महिन्याभरात पोरं झोपेतसुद्धा ठोके परत करायला लागतात.

हिचा आणि माझा एक वेगळा आहे. पाळी सुटली की ही वरून तीन ठोकते, जरा थांबते, मग एक. म्हणजे मी निघाले, जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर गिळून घ्या. तोवर मी खाली आलेला असतो, मी परत करतो. बॉयलरबाबाही त्याआधीच घरी गेलेले असतात, त्यामुळे आमच्या दोघांखेरीज हे कोणाला ठाऊक नाही.

दोन ओळी सांगितल्या होत्या, पान भरलं. आता झोपतो.

बुधवार

काल सकाळी लॉन्ड्री पडली.

मी झोपलो होतो. शेजारणीने दार वाजवून वाजवून उठवलं आणि मी पहिलं काय केलं तर तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, तुमची लॉन्ड्री खाली बसली. मला वाटलं धंदा बसला म्हणते. पायजम्यावरच गेलो.

पाच मजल्यांचा ढीग झालाय, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकाच उंच. वरचे दोन मजले मालकाने नंतर चढवले आणि त्यांच्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या बसवल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. स्लॅबच्या फटींतून चादरी बाहेर आल्यात, पांढऱ्याशुभ्र, कितीतरींच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. हिने घातलेल्या असतील.

माणसं काय काय करत होती ते आठवतं. मुकादम रस्त्यावर पडलेल्या चादरी गोळा करून दवाखान्यांप्रमाणे वेगवेगळ्या लावत होता, ही या दवाखान्याची, ती त्या दवाखान्याची. कोणी त्याला हटकलं नाही. एक बाई घरून झाडू घेऊन आली आणि रस्ता झाडायला लागली. मी स्वतः काय करत होतो म्हणाल तर उभा होतो. खूप वेळ नुसता उभा होतो आणि माझ्या पायात चपला नाहीत एवढंच डोक्यात होतं.

मेव्हणा टेम्पो घेऊन आला. हिचा धाकटा भाऊ, माल पोचवायचं काम करतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, टेम्पोतून स्वतःच्या जादा चपला काढून दिल्या आणि ढिगाकडे गेला. तेव्हापासून तो विटा उचलतोय.

पिवळ्या टोपीतल्या एक इंजिनीयर बाई सगळं बघतात. बोलायला शांत आहेत. पुढच्या रस्त्यावर अग्निशमनवाले, मागच्या गल्लीत दुसरी तुकडी, आणि मधून जायला बंदी. आम्हा पुढच्या बाजूच्या नातेवाइकांना दोरीच्या अलीकडे बसवलंय. क्रेन एकच आहे.

बी.पी. घेतलं नाही.

गुरुवार

मध्येच शिट्टी होते. मग सगळं थांबतं, क्रेन, फावडी, बोलणं. आतून कोणाची हाक येते का ते ऐकायचं. इतकी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. लहान मूल रडायला लागलं तर आई त्याचं तोंड स्वतःच्या पोटात दाबते.

सकाळी अशाच शांततेत कुत्रं भुंकलं. शोधाचं शिकवलेलं कुत्रं आहे, डाव्या कोपऱ्यात, जिथे कॅन्टीन होतं तिथे. तिथेच जमीन उकरायला लागलं. क्रेन लगेच तिकडे लावली. मेव्हण्याचा चेहरा उजळला, म्हणाला, ताई तिथेच असणार, ती चहाला लवकर उतरते. मी म्हटलं, तुला काय माहीत, ती हातातला ढीग संपल्याशिवाय जागची हलत नाही.

मग मला पाइप दिसला. पुढच्या भिंतीचा तुकडा उभा आहे त्यातून वाफेच्या पाइपाचं तोंड बाहेर आलंय, वाकलंय, पण आत गेलेलं आहे. पुढच्या शिट्टीला मी दोरीखालून गेलो आणि मेव्हण्याच्या पान्याने तीन ठोकले. जवान मला ओढायला आला तोच पाइपातून तीन परत आले.

बारीक, पण स्पष्ट. जवानानेही ऐकले. तो माझा दंड धरून तसाच उभा राहिला.

मग मी तीन ठोकले, थांबलो आणि एक ठोकला.  थोडा वेळ काहीच नाही. मग तीन आले. मग एक.

मी तिथेच बसून रडलो. तीन आणि एक! हे जगात दुसऱ्या कोणाला माहीत नाही. ही आहे. पाइपाजवळ आहे, म्हणजे इमारतीच्या मधोमध, आणि हाताला काहीतरी लागलंय ठोकायला. उद्या बाहेर आली की पहिलं मला विचारेल, चपला कोणाच्या घातल्यात.

शुक्रवार

आज क्रेन हलवली. कॅन्टीनच्या कोपऱ्यातून मधोमध आणली.

इंजिनीयर बाई आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, कुत्रं अजून तिथे भुंकतंय. मी त्यांच्यासमोर ठोकून दाखवलं. तीन, मग एक. आलं तसंच परत. बाईंनी कान पाइपाला लावला होता, त्यांचे डोळे भरले. त्यांनी मागच्या तुकडीला फोन केला तर तिकडेही पाइपात ठोके ऐकू येतात म्हणे. म्हणजे शंकाच उरली नाही. दोन्ही बाजूंना ऐकू जातंय, तर ही बरोबर मध्येच असणार.

मेव्हणा मात्र ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला.

“भाऊजी, कुत्र्याला वास येतो. ते खोटं बोलणार नाही. क्रेन इथून काढू नका.”

“पाइप तरी खोटं बोलतो का? तुझी बहीण मला उत्तर देतेय. तू लॉन्ड्रीत एक दिवस काम केलं नाहीस, तुला यातलं काय कळतं?”

 क्रेन गेली तरी तो तिथेच राहिला. आणखी दोघंतिघं आहेत त्याच्याबरोबर, हाताने विटा काढतात. हातमोजे फाटलेत म्हणून मी त्याला माझ्यासाठी आलेले द्यायला गेलो तर म्हणाला, तिथे ठेवा. पोरगा मनाने चांगला आहे, पण हट्टी. सगळं घराणंच हट्टी आहे. हिच्या माहेरचं आडनाव काढलं तरी गावात लोक हसायचे.

मला आता सगळे मान देतात. दोरीच्या आत बसायला खुर्ची दिली. चहा आधी मला.

शनिवार

काल संध्याकाळपासून लोक माझ्याकडे येतायत. एक म्हातारी आली, तिची सून घड्यांच्याच खात्यात. म्हणाली, तुमच्या बायकोला विचारा की हो, माझी सून जवळपास आहे का. मी म्हटलं, असं बोलता येत नाही ठोक्यांत. पण तिचा चेहरा बघवेना. म्हणून मी पाइपाला तोंड लावून मोठ्याने सांगितलं, अमक्यांची सून तिथे असेल तर दोन ठोक. आणि कळावं म्हणून स्वतः दोन ठोकून दाखवले. दोन परत आले.

म्हातारीने माझे पाय धरले. मला कसंतरीच झालं.

मग रांगच लागली. धुलाईतल्या दोघींचे नवरे, हिशेबनिसाचा बाप, लिफ्टवाल्याची बहीण. मी प्रत्येकासाठी विचारलं, प्रत्येक वेळी दोन ठोकले आणि प्रत्येक वेळी दोन आले. सगळे आहेत. एकदाही ‘नाही’ असं आलं नाही. मुकादम रजिस्टरवर नावांपुढे खुणा करत होता आणि बोलता बोलता म्हणाला, एवढे सगळे एका जागी मावले कसे? त्याला मी दटावलं. चांगल्या वेळी असं तोंड उघडायची त्याची सवय जुनी आहे.

क्रेनचं काम मुंगीच्या पावलाने चाललंय. मधल्या भागात स्लॅबवर स्लॅब आहेत, एक कापला की खाली दुसरा. बाई म्हणतात, घाई केली तर खालचं दबेल. मी मान हलवतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देतो. मग ठोकतो. तीन आणि एक. हिला सांगतो की घाई करून चालत नाही ग.

रविवार

ठोके आले. आता पूर्वीपेक्षा जोरात येतात. म्हणजे ताकद आहे.

मेव्हणा अजून त्या कोपऱ्यातच आहे. दुपारी पाणी द्यायला गेलो. त्याने बाटली घेतली, पण प्यायला नाही, दगडांच्या फटीत तोंड घालून हाक मारत होता. मी विचारलं, काही ऐकू आलं का. तो म्हणाला, काल येत होतं असं वाटलं. मी म्हटलं, वाटतं असं, क्रेनचा आवाज दगडांतून घुमतो. कुत्रं आज त्या कोपऱ्यात नुसतं बसून होतं. भुंकलं नाही. दमलं असेल.

सोमवार

आज जवळच्या शाळेच्या वर्गात सगळ्यांची तपासणी होती, पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंच्या लोकांची. मला बळेच नेलं. नर्सने बी.पी. घेतलं आणि आकडा सांगितला नाही.

शेजारच्या बाकावर बॉयलरबाबा होते. बॉयलरची शेड वेगळी म्हणून ते वाचले. त्यांची धाकटी मुलगी धुलाई खात्यात, हे मला माहीत होतं, पण इतक्या दिवसांत एकदाही डोक्यात आलं नाही. माणूस स्वतःच्याच दुःखात किती बुडतो. मी जवळ जाऊन बसलो. त्यांच्या मांडीवर हातोडी होती. तपासणीलाही ती घेऊनच आले होते.

“पोर आहे आत,” ते म्हणाले. “उत्तर देते.”

मला आनंदच झाला. म्हटलं, आमचीही देते, म्हणजे दोघी जवळजवळच असणार. त्यांनी मान डोलावली. मग इकडेतिकडे बघून माझ्याकडे सरकले.

“तुला एक विचारायचं होतं. ती तीन ठोकते, थांबते, मग एक ठोकते. सारखं तेच. मी परत करतो, पण मला अर्थ लागत नाही. हे असलं काही मी तिला शिकवलेलं नाही. तुम्हा इस्त्रीवाल्यांत आहे का असं काही?”

नर्सने तिथे येऊन पुन्हा बी.पी. घेतलं होतं आणि ती माझ्या दंडावरचा पट्टा सोडत होती. तिने विचारलं, चक्कर येतेय का.

बाबा वाट बघत होते. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, बायका आपापसात वापरतात, बाबा. मी ठीक आहे, तुम्ही जेवून घ्या, असा अर्थ होतो.

त्यांनी हातोडी काखेत धरली. मग उठून जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. वाढणाऱ्या मुली आपसात बोलत होत्या की हे आजोबा इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा जेवतायत.

मी इथे शाळेच्या पायरीवर बसून लिहितोय. पाइपाकडे गेलो नाही. लिहिलं की नीट कळेल म्हणून लिहितो. मी ठोकतो, ते बॉयलरबाबांना मागच्या गल्लीत ऐकू जातं, ते तेवढेच परत करतात. त्यांनीच लावलेलं वळण. ते ठोकतात, मी परत करतो. मध्ये कोणी नाही. म्हातारीची सून नाही, लिफ्टवाला नाही, ही नाही.

मंगळवार

बाईंना सांगायचं आहे. सकाळपासून दोनदा जाऊन परत आलो.

काय काय मनात आलं ते लिहितो, लाज वाटली तरी. एकदा वाटलं, ही मधोमध असूही शकते, ठोकता येत नसेल म्हणून काय झालं, क्रेन आहे तिथे राहू दे. मग वाटलं, सांगितलं तर मला आत बसू देणार नाहीत. मग वाटलं, बाबांचं काय. एवढ्यात ती म्हातारी आली आणि तिने माझ्यासाठी घरून गरम पाव आणला होता, कापडात गुंडाळून. सून आली की तिलाही तुम्हीच पहिला घास भरवा म्हणाली. तो पाव मी खाऊ शकलो नाही आणि तिच्यासमोर टाकूही शकलो नाही, खिशात ठेवला. मग मात्र गेलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.  डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मला वाटलं ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“चूक माझी आहे, काका,” त्या म्हणाल्या. “मागच्या बाजूलाही ऐकू येतंय म्हटल्यावर मी विचार करायला हवा होता. तिकडे कोण ठोकतंय हे मी विचारलंच नाही.”

क्रेन परत कॅन्टीनच्या कोपऱ्यात निघाली. मी म्हटलं, कुत्र्यालाही पुन्हा तिथे लावा. कुत्रेवाला अजून इथेच होता, त्याने बाईंकडे पाहिलं. म्हणाला, त्याला रविवारीच परत पाठवलं, त्याचं इथलं काम संपलं. बरोबर आहे, मुकं जनावर ते, त्याला तरी किती राबवायचं. माझं मन पुन्हा वर आलंय. कॅन्टीनला पक्क्या भिंती होत्या. पाण्याची टाकी होती, बिस्किटं होती. मेव्हणा म्हणत होता तेच खरं असेल तर ही तिथे आहे आणि तिला प्यायला पाणी तरी आहे.

लोकांना मी काही सांगितलं नाही. बाईंनीही नाही. पण क्रेन हललेली सगळ्यांनी पाहिली आणि कुणकुण व्हायची ती झाली. म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मग ते दोन ठोके कोणाचे होते?”

मी खाली बघत राहिलो.  थोड्या वेळाने ती गेली.

पाइपातून तीन आणि एक आले. आता बाबांना अर्थ माहीत आहे, म्हणून तेच पुन्हा पुन्हा ठोकतात. मी परत केले. न करून कसं चालेल?

गुरुवार

काल कॅन्टीन उघडलं. ही सापडली.

शनिवार

काल लिहिता आलं नाही. परवाही त्या एका ओळीपुढे नाही. आज मेव्हणा म्हणाला, भाऊजी, बसल्या बसल्या काही तरी लिहा. तो माझ्याकडेच राहायला आलाय. त्याला कामाला जायला हवं, पण टेम्पो दारात उभा करून ठेवलाय.

बुधवारी मला आत सोडलं नाही. मेव्हणा गेला. बाहेर आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. मी एकच विचारलं, कधी?

“पहिल्याच दिवशी, भाऊजी. छत आलं आणि संपलं. कळलंसुद्धा नसेल तिला.”

एवढं ऐकून माझ्यातलं बळच गेलं, आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं. कारण मग मी क्रेन हलवली त्याने काही बिघडलं नाही. क्रेन तिथेच राहिली असती तरी हीच गोष्ट झाली असती. मी मेव्हण्याला तसं म्हटलं. तो हो म्हणाला. लगेच म्हणाला.

क्रेनवाला मागे कोणाला तरी सांगत होता की छत भिंतीला तिरकं टेकलं होतं आणि सगळ्याजणी भिंतीच्या कडेने ओळीने बसलेल्या होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरीचं डोकं. चहाची वेळ होती ना. बसल्या असतील.

हिचा चेहरा दाखवला. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं, फक्त खूप वाळला होता. ओठ तर फारच. हात कापडात गुंडाळलेले होते, बोटांपासून मनगटापर्यंत. मी कापड सोडायला गेलो तर मेव्हण्याने माझा हात धरला, म्हणाला, दवाखान्यात सगळ्यांचेच बांधतात, तशी पद्धत आहे. असेल. त्याचाही एक हात तसाच बांधलेला आहे, आठवडाभर विटा उपसून नखं गेलीत त्याची.

काल मधोमधचा पाइप कापला. दुपारी बॉयलरबाबा दोरी ओलांडून आमच्या बाजूला आले, कोणी अडवलं नाही. हातोडी बरोबर नव्हती. त्यांची मुलगी अजून सापडलेली नाही. माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. उठवायला गेलो तर बसूनच राहिले.

“पोरीने शेवटपर्यंत उत्तर दिलं,” ते म्हणाले. “एक ठोका वाया जाऊ दिला नाही.”

मी म्हटलं, वळणच तसं लावलंत तुम्ही. त्यांना बरं वाटलं. मला तिथे जास्त बसवेना, म्हणून उठून आलो.

घरात मेव्हण्याचं राज्य चाललंय. वर्तमानपत्र बंद केलंय, म्हणाला पैसे कशाला घालवायचे. रेडिओ लागत नाही, सेल संपले म्हणाला, मी गेल्या आठवड्यात नवे घातले होते. सकाळी शेजारीण भेटायला आली. तिची भाची लॉन्ड्रीतच होती, तीही त्याच कॅन्टीनमध्ये. बसल्या बसल्या ती बोलायला लागली की त्यांनी म्हणे टाकीतलं पाणी कपाने मोजून मोजून, आणि तेवढ्यात मेव्हणा आतून आला आणि तिला म्हणाला, मावशी, जरा आत येता का, दूध उतू जातंय. आमच्याकडे दूध नव्हतंच. परत आल्यावर ती बोलली नाही, नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. तो तिच्याशी जरा तुटकच वागला. मी त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, चुकलं, भाऊजी.

जेवताना मी त्याला पुन्हा विचारलं, नक्की पहिल्याच दिवशी ना? तो नळाखाली ताट धूत होता, एका हाताने, दुसरा बांधलेला. हो म्हणाला, पहिल्याच दिवशी. मग तेच ताट पुन्हा धुतलं.

फार गुणी मुलगा आहे. क्रेनवरून मी त्याला सगळ्यांदेखत नको ते बोललो होतो, पण त्याने एका शब्दाने ते काढलं नाही.

मी खचलोय, हे लिहायला हरकत नाही. सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. रात्रपाळी नाही, दिवसपाळी नाही. घरभर नुसता मी आहे. तरी त्यातल्या त्यात एक बरं झालं की हिला वाट बघावी लागली नाही. ते हिला कधी जमलंच नाही. दवाखान्यात नंबर लावून बसलो की ही दर थोड्या वेळाने उठून दारापर्यंत जायची, आत डोकावायची, आणि परत माझ्याशेजारी येऊन बसत विचारायची, अजून किती वेळ हो?